जुने मॉडेल इंजिन घ्यावे, पण उघडून

मा. संपादक,

मॉडेल रेल्वे हा पैसेवाल्यांचा छंद, असे सर्रास बोलले जाते. नव्या इंजिनांच्या किमती पाहता त्यात तथ्य आहे. पण एचओ मापाची, म्हणजे 1:87 प्रमाणाची, 12 व्होल्ट डीसीवर चालणारी जुनी इंजिने स्वस्तात मिळतात आणि दुरुस्तीला नव्यांपेक्षा सोपी असतात. अॅथर्न या अमेरिकी कंपनीची निळ्या खोक्यातली डिझेल इंजिने बघा: ओतीव धातूची चासी, मधोमध मोटर, दोन्ही बोगींच्या (इंजिनाखालच्या चाकांच्या संचांच्या) सगळ्या चाकांना गती. वजनामुळे ती ओढतातही जोरात. लिमा या इटालियन कंपनीची इंजिने मात्र हलकी, एकाच बोगीत मोटर. अगदीच कमी किमतीत मिळाली तरच घ्यावीत. शिवाय त्यांच्या चाकांच्या खोल कडा कमी उंचीच्या रुळावर खिळ्यांना आपटतात.

घेताना 9 व्होल्टची बॅटरी दोन तारांनी डाव्या-उजव्या चाकांना लावून पाहावी. दिवा लागला आणि मोटर हलली नाही, तर बहुधा ग्रीस वाळून चिकट झालेले असते. गिअर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावेत, मोटरच्या दोन्ही बेअरिंगना शिवणयंत्राच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब द्यावा. कम्युटेटरला (मोटरच्या आसावरच्या, फटींनी विभागलेल्या तांब्याच्या कड्याला) तेल लागले की त्यावर टेकून वीज देणाऱ्या कार्बन ब्रशची पूड त्यात कालवून फटी बुजतात आणि मोटर तापते; फटी टूथपिकने कोराव्यात. खोबरेल अजिबात नको, नागपूरच्या थंडीत ते थिजते.

चालताना ठराविक अंतराने ठकठक आली तर अॅक्सलवरचा प्लास्टिकचा गिअर तडकलेला असतो. धातूच्या अॅक्सलवर घट्ट बसवलेला हा गिअर वर्षानुवर्षांच्या ताणाने चिरतो, चिरेपाशी दोन दातांतले अंतर वाढते आणि तिथे तो अडखळतो. फेव्हिक्विक तिथे टिकत नाही, गिअरच बदलावा. चासी फुगलेली, बारीक भेगा पडलेली असेल तर मात्र इंजिन फुकटही घेऊ नये. जस्ताच्या ओतकामात शिसे मिसळल्याचा हा रोग, त्याला इलाज नाही.

डिजिटल डिकोडर (प्रत्येक इंजिन वेगळे चालवता यावे म्हणून आत बसवायचे इलेक्ट्रॉनिक सर्किट) बसवायचा तर आधी मोटर चासीपासून पूर्ण वेगळी करावी. अॅथर्नच्या मोटरची खालची पट्टी चासीला टेकलेली असते. ती तशीच राहिली तर डिकोडर जळतो.

नागपूरकरांना आणखी एक फायदा आहे. आपल्या सातपुडा नॅरोगेजच्या, म्हणजे या भागातल्या जुन्या अरुंद मार्गाच्या रेल्वेच्या, दोन रुळांतले अंतर 762 मिमी होते. त्याला 87 ने भागले की 8.76 मिमी येतात, आणि एन गेज या एचओपेक्षा लहान मॉडेल मापाच्या रुळांतले अंतर 9 मिमी. म्हणजे एन गेजच्या जुन्या इंजिनाच्या चासीवर एचओ मापाची पुठ्ठ्याची बॉडी चढवली की नॅरोगेजचे इंजिन तयार. मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात खरी इंजिने उभी आहेत, रंग आणि खिडक्या-दारांचे प्रमाण तिथे नीट न्याहाळता येते. एन गेजचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) या मापाला फार बारीक आणि दाट दिसतात, तेव्हा एकाआड एक कापून उरलेले खडीत अर्धे बुजवावेत.

– एक रेल्वे मॉडेलप्रेमी, धरमपेठ, नागपूर