तळपायावरचा काळा डाग जाळू नका

महोदय,

उन्हाळ्यात त्वचेच्या कर्करोगावर लेख येतात, त्यांचा सगळा भर सनस्क्रीनवर असतो. मेलॅनोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग गव्हाळ-सावळ्या लोकांत कमी होतो. पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली, म्हणजे ऊन फारसं लागत नाही तिथे. साहजिकच त्याला कुरूप, चामखीळ किंवा मुका मार समजलं जातं. आधी कॉर्न कॅप, मग कॉटरी (विजेच्या तापत्या टोकाने जाळणं) किंवा लेझर. डाग जळतो आणि त्याबरोबर पुरावाही. पुढे रोग पसरून जांघेत गाठ येते तेव्हा मूळ रोग किती खोल होता, हे सांगायला काहीच उरलेलं नसतं.

आणि उपचार त्या खोलीवरच ठरतात. 'ब्रेस्लो जाडी', म्हणजे त्वचेच्या वरच्या थरापासून रोग किती खोल गेला ते, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात. १ मिमीपर्यंत असेल तर भोवतालची १ सेंमी कातडी काढतात, २ मिमीच्या पुढे २ सेंमी. जांघेतली लसिकाग्रंथी तपासायची का, तेही त्यावरूनच. म्हणून संशयास्पद डाग वरवर खरवडू नये. लहान असेल तर १ ते ३ मिमी कड धरून चरबीपर्यंत अख्खा काढावा. मोठा असेल तर सर्वांत जाड भागातून पूर्ण खोलीचा तुकडा घ्यावा. तो लगेच १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन या पेशी टिकवणाऱ्या द्रावणात टाकावा, द्रावण तुकड्याच्या किमान दहापट. सलाइनमध्ये रात्रभर पडलेल्या तुकड्यातल्या पेशी विरघळू लागतात. प्रयोगशाळेत पुन्हा मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्य आडवं येतं: ते तपकिरी, पेशी ओळखायला वापरतात तो नेहमीचा डीएबी रंगही तपकिरी. अशा वेळी लाल रंगद्रव्य वापरावं किंवा स्लाइड ब्लीच करावी. मेलॅनिन पीसीआरही, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रियाही, रोखतं. डीएनए नीट शुद्ध केला नाही तर औषध निवडायला लागणारी केआयटी-बीआरएएफ या जनुकांची चाचणी फसते.

नखांबाबत घाबरून जाऊ नये. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर तपकिरी रेघा असतात, त्या बहुधा निरुपद्रवी. एकाच नखावर नवी रेघ, ३ मिमीहून रुंद, वाढत जाणारी, किंवा काळेपणा नखाच्या कडेच्या कातडीवर उतरलेला, असं दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. ठेचेचं साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि मागे स्वच्छ नख येतं. पायाचं नख महिन्याला दीडेक मिमी वाढतं; शेजारी पट्टी धरून फोटो काढला की दोन महिन्यांत फरक दिसतो.

तळपायच का, याचा माग गर्भापर्यंत जातो. रंगपेशी गर्भाच्या पाठीकडच्या न्यूरल क्रेस्ट या पेशींच्या पट्ट्यातून निघून अंगभर पसरतात, आणि आपण कुठे येऊन स्थिरावलो ही खूण जपतात. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या झेब्राफिश या छोट्या माशावरच्या कामात बीआरएएफने गाठी धडावर आल्या. हातापायांच्या मेलॅनोमात आढळणाऱ्या सीआरकेएल या जनुकाने मात्र परांवर जास्त आल्या. माशाचे पर म्हणजे आपले हातपायच. धडाच्या त्वचेतल्या गाठींवर तपासलेलं औषध तळपायाला लागू पडेल, असं म्हणूनच गृहीत धरता येत नाही. त्यासाठी तळपायाच्याच गाठींचे नमुने हवेत.

ते मुंबईइतके दुसरीकडे कुठे मिळणार? केईएम, नायर, सायन, टाटा या रुग्णालयांत राज्यभरातून रुग्ण येतात आणि परळ, कुलाबा, खारघरला पेशींवर संशोधन करणाऱ्या संस्था आहेत. निदानाला लागणारा भाग आधी पॅथॉलॉजीला देऊन, उरलेला रुग्णाच्या लेखी संमतीने उणे ८० अंशांवर जपता येईल. त्याआधी महापालिकेने एक साधा आदेश काढावा: तळपाय, तळहात वा नखाखालचा काढलेला प्रत्येक काळा डाग तपासणीला गेलाच पाहिजे, आणि निदान होईपर्यंत तिथे कॉटरी लावू नये.

- रंगपेशींवर काम करणारे संशोधक, परळ, मुंबई