सईस पत्र, नव्या कामावर जाण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

"तुला माझं हे काम पसंतच नाही" म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. म्हणून लिहिते आहे. कागदावर तरी शेवटपर्यंत ऐकून घेशील.

काम पसंत आहे गं. तिसऱ्या पंचांच्या शेजारी बसून बॉल ट्रॅकिंग चालवणार आमची सई, हे मावशीला सांगून झालं, दादाच्या सासूबाईंना सांगून झालं. मला धास्ती आहे ती घाईची. तेवढं एकदा सांगते आणि थांबते.

तुमच्याकडे सगळं घड्याळावर चालतं. खेळाडूला रिव्ह्यू घ्यायला 15 सेकंद. आंतरराष्ट्रीय वनडे आणि टी-20मध्ये एक षटक संपून दुसरं सुरू व्हायला 60 सेकंद, तिसऱ्यांदा उशीर झाला की पाच धावांचा दंड. समालोचक ताटकळलेले, प्रेक्षक ओरडत असलेले. या सगळ्यांत 'अजून एक कोन बघू द्या' म्हणणारी तू एकटी, आणि तेही नवीन. आयपीएलमध्ये 2024पासून ऑपरेटर पंचांच्याच खोलीत बसतात, चित्रं मागायला मधला टीव्हीचा दिग्दर्शक लागत नाही. सोय चांगली झाली, पण तुझी बोटं आणि निकाल यांच्यामध्ये आता कोणी उरलं नाही.

ॲडलेडची कसोटी आठव, डिसेंबर 2025. ऑस्ट्रेलियाच्या ॲलेक्स कॅरीविरुद्ध झेलाचं अपील झालं, स्निकोवर, म्हणजे स्टंपमधल्या माइकचा आवाज दाखवणाऱ्या आलेखावर, काटा उठला, पण तो चित्राशी जुळेना. कॅरी नाबाद राहिला आणि इंग्लंडचा रिव्ह्यू गेला. नंतर कळलं की आवाज घेताना ऑपरेटरकडून गोलंदाजाच्या टोकाचा स्टंप माइक निवडला गेला असावा. इंग्लंडला रिव्ह्यू परत मिळाला, बळी काही मिळाला नाही. हिशेब करून बघ. दोन टोकांत 20.12 मीटर. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे एवढ्या अंतराला 6 शतांश सेकंद लागले. ताशी 140 किलोमीटरचा चेंडू तेवढ्यात सव्वादोन मीटरच्या वर पुढे सरकतो. एक चॅनल चुकलं की बॅटची कड कुठे आणि काटा कुठे! म्हणून नाणेफेकीआधी दोन्ही टोकांना कुणाला तरी उभं करून स्टंपवर टिचकी मारायला सांग. कुठल्या टोकाला मारली की कुठल्या चॅनलवर काटा उठतो ते स्वतः बघ आणि चॅनलवर नाव चिकटव. डावात टोक बदलतं तेव्हा पुन्हा बघ. षटक संपल्यावर मिळणारा तो मिनिटभर त्यासाठीच आहे असं समज.

टेनिसमध्ये विम्बल्डनचंही तेच. 2025मध्ये त्यांनी रेषेवरचे पंच काढून सगळं यंत्रावर सोपवलं, आणि पाव्हल्युचेन्कोवाच्या सामन्यात कोर्टाच्या एका भागावरचं ट्रॅकिंग चुकून बंद करून ठेवलेलं निघालं. चेंडू उघड बाहेर पडला, यंत्र गप्प, पंचांनी गुण पुन्हा खेळायला लावला. पुढे आयोजकांनी ते हाताने बंद करायची सोयच काढून टाकली. ज्या माणसाच्या हातून ते झालं त्याला त्या रात्री झोप लागली असेल का, हे माझ्या मनातून जात नाही. बातमीत त्याचं नाव नव्हतं, म्हणूनही असेल.

बघ, पुन्हा तिथेच आले.

तू लहानपणी रिमोट घेऊन एकाच चेंडूवर अडून बसायचीस आणि आजोबा चिडायचे, "पुढचं षटक संपलं, ही अजून मागच्याच चेंडूवर!" तुझा तो हट्ट मला फार आवडायचा. पायचीतचे तीन प्रश्न तू त्यांना बोटांवर मोजून दाखवायचीस: चेंडू पडला कुठे, पॅडला लागला कुठे, यष्टीवर गेला असता का. पहिल्या दोघांची उत्तरं दिसतात, तिसऱ्याचं अंदाजाने काढावं लागतं, हे आजोबांना शेवटपर्यंत पटलं नाही.

प्रेक्षक म्हणून माझा राग इथेच आहे, आणि त्या दिवशी फोनवर मला हेच म्हणायचं होतं. सगळे 'अंपायर्स कॉल'वर चिडतात. मला तर या पद्धतीतली तीच सगळ्यांत प्रामाणिक गोष्ट वाटते. नाबादचा निर्णय फिरवायला निम्म्याहून जास्त चेंडू यष्टींवर आदळताना दिसला पाहिजे. चेंडू साधारण 7 सेंटिमीटरचा, तेव्हा साडेतीन सेंटिमीटरच्या आतबाहेरची गोष्ट यंत्राच्या भरवशावर फिरवायची नाही, मैदानातल्या पंचांचं म्हणणं राहू द्यायचं. 2016मध्ये यष्टींची ही हद्द रुंदीत वाढवून बाहेरच्या यष्टीच्या बाहेरच्या कडेपर्यंत नेली, 2021मध्ये उंचीतही वाढवली. ठीकच आहे. पण पडद्यावर काय दाखवतात? पॅडपासून यष्टीपर्यंत एक गुळगुळीत, ठाम, रंगीत पट्टा. पॅडच्या पुढे चेंडू गेलेलाच नसतो! टप्पा पॅडच्या अगदी जवळ पडला तर उसळीनंतरच्या फ्रेम मोजक्याच मिळतात आणि अंदाज कच्चा होतो. टप्प्यानंतर चेंडूला मोकळं अंतर मिळालं तर तो बराच पक्का होतो. पट्टा मात्र दोन्ही वेळा सारखाच चकचकीत. अंदाज कच्चा असेल तिथे पट्टा फिका आणि पसरट दाखवला असता तर निम्मी भांडणं मिटली असती. लोकांना सत्य सोसतं, त्यांना सांगत नाहीत म्हणून ते चिडतात. मैदानात तिकीट काढून बसलेल्याला तर पंचांचं बोलणंही ऐकू येत नाही. बळी पडला की उडी मारायची की मोठ्या पडद्याकडे बघत बसायचं, हेच त्याला कळेनासं झालं आहे.

फुटबॉलवाल्यांचं दुःख आणखी वेगळं. 50 फ्रेमच्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये धावणारा खेळाडू 15-16 सेंटिमीटर सरकतो, आणि ते बोटभर ऑफसाइडसाठी रेघा आखत बसायचे. 2022च्या विश्वचषकात चेंडूच्या पोटात सेकंदाला 500 वेळा नोंद पाठवणारा सेन्सर बसवला, तेव्हा निदान लाथ नेमकी कधी बसली ते कळायला लागलं. पण 30 सप्टेंबर 2023चा टॉटनहॅम-लिव्हरपूल सामना बघ. लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा गोल योग्य होता, पण मैदानात तो ऑफसाइड म्हणून नाकारला होता. रेघाही बरोबर आखल्या होत्या. व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओ बघून तपासणाऱ्या, पंचांचा समज झाला की मैदानात गोल दिलेलाच आहे. 'तपासणी पूर्ण' म्हणाले, खेळ सुरू झाला, गोल गेला. यंत्राचा काही दोष नव्हता. मैदानातला निर्णय काय आहे, एवढं एक वाक्य आधी मोठ्याने विचारलं असतं तर! तू ते विचारत जा. पंच वैतागले तरी विचार.

आणि दिसत नसेल तर 'दिसत नाही' म्हण. जून 2020मध्ये ॲस्टन व्हिला-शेफील्ड सामन्यात गोलरेषेवर रोखलेल्या सातही कॅमेऱ्यांपुढे खेळाडू आणि खांब आले, चेंडू आत गेलेला यंत्राला कळलाच नाही. रेफरीच्या घड्याळावर काही आलं नाही, म्हणून गोल नाही. कॅमेरा झाकला गेला, वाऱ्याने हलला, स्टंप नव्याने रोवल्यावर मोजणी पुन्हा केली नाही, तर अंदाजावर काही देऊ नकोस. आधी सांग, मग बाकीचं बघता येतं.

फार शिकवलं. तुला यातलं माझ्यापेक्षा दुप्पट येतं, तू परीक्षा देऊन तिथे पोचलीस. राग मानू नकोस. पण प्रोड्यूसर कानात 'लवकर, लवकर' म्हणेल तेव्हा... जाऊ दे. लिहिणार नव्हते.

पहिल्या सामन्याची वेळ कळव. आवाज बंद करून बघेन, म्हणजे समालोचकांनी तुला उशिरावरून काही म्हटलं तर मला ऐकू येणार नाही.

तुझी,
आई

ता.क. हेडफोनच्या डाव्या बाजूचा आवाज कमी येतो म्हणाली होतीस. तो जायच्या आधी बदलून घे. तिथे गेल्यावर मागशील तर सामना सुरू होईपर्यंत मिळायचा नाही.