गीझरची टाकी क्षाराने गळालेली नाही : वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
गीझर उत्पादक कंपनी

विषय : २५ लिटर गीझरची टाकी गळणे आणि ‘हार्ड वॉटर’ असे कारण लिहून वॉरंटी नाकारणे.

महोदय,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर २०२२ मध्ये घेतलेल्या आपल्या उभ्या गीझरची टाकी चौथ्या वर्षी गळू लागली. टाकीची वॉरंटी ५ वर्षांची आहे. तपासणीला आलेल्या तंत्रज्ञाने बाथरूमच्या नळाखाली टीडीएसचे पेन धरले. ८७० आकडा दिसला. जॉब कार्डावर ‘हार्ड वॉटर, वॉरंटी लागू नाही’ असे लिहून तो निघून गेला. गीझर त्याने उघडलासुद्धा नाही.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ) म्हणजे हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा पाण्याचा जडपणा) नव्हे. पेन पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देते; त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, हे त्याला कळत नाही. पेलाभर आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ घाला, पेन हजाराच्या पुढे जाईल, हार्डनेस मात्र शून्याच्या आसपासच राहील. बोलीत आपण सगळ्यालाच ‘क्षाराचं पाणी’ म्हणतो, ते चालते. वॉरंटी नाकारताना चालत नाही.

आमच्याकडे, वाघोलीत (पुणे), बोअर आणि टँकरचे पाणी आहे. ते जड आहे, यात वाद नाही. म्हणूनच इमारतीला पहिल्यापासून सॉफ्टनर आहे. त्यातले रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. त्यामुळे हार्डनेस उतरतो, पण टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. सॉफ्टनर उत्तम चालत असला तरी पेन ८७० दाखवणारच.

खरी तपासणी अशी : ५० मिली पाणी, अमोनिया बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी (रंग बदलून दाखवणारी पूड), मग ब्युरेटमधून (मापाच्या नळीतून) ०.०१ मोलर ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधणारे रसायन) थेंबथेंब. रंग वाइनसारखा लाल असतो, तो शेवटच्या थेंबाला स्वच्छ निळा होतो. बोअरच्या पाण्याला २४ मिली लागले, बाथरूमच्या नळाच्या पाण्याला ३.६. वीसने गुणा : लिटरला ४८० मिलिग्रॅम आणि ७२ मिलिग्रॅम. आयएस १०५०० (२०१२) या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची स्वीकार्य मर्यादा २०० आहे. आपल्या वॉरंटी कार्डावर ३०० छापले आहे, आणि तेही हार्डनेसचे, टीडीएसचे नव्हे.

वॉरंटी नाकारल्यावर स्थानिक इलेक्ट्रिशियनकडून फ्लँज (एलिमेंट बसवलेले टाकीचे खालचे झाकण) उघडून घेतली. फोटो सोबत आहेत. क्षार अजिबात नव्हते असे नाही. एलिमेंटवर नखाने खरवडता येईल एवढा पातळ पांढरा थर होता, लिंबू पिळल्यावर फसफसला. पण क्षाराने गीझर बिघडतो तो वेगळ्या तऱ्हेने. थर जाड झाला की उष्णता अडते, एलिमेंटचे आवरण नको तितके तापते आणि शेवटी फुटते. इथे एलिमेंट शाबूत आहे : मल्टिमीटरवर २६.५ ओहम, म्हणजे २३० व्होल्टला बरोबर २ किलोवॅट. फ्लँजचे गॅस्केटही कोरडे होते. टॉर्च मारल्यावर टाकीच्या तळाशी, वेल्डलगत, एनॅमल (पत्र्यावरचा आतला काचेसारखा लेप) उडालेले आणि पत्र्याला टाचणीएवढे गंजके भोक पडलेले दिसले.

हे काम गंजाचे आहे. एनॅमलला बारीक छिद्रे असतातच. तिथला पोलादी पत्रा गंजू नये म्हणून मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड आधी स्वतः झिजतो. तो रॉड संपला की पत्र्याची पाळी. या गीझरमध्ये बोटाएवढ्या जाड रॉडच्या जागी मधली लोखंडी तार आणि दोन-चार खडे उरले होते. टीडीएस जास्त असलेल्या पाण्यात रॉड लवकर झिजतो, हे मान्य. पण मग दर सर्व्हिसला तो काढून बघायचा असतो. नोव्हेंबर २०२३ आणि नोव्हेंबर २०२४ च्या, पैसे देऊन करून घेतलेल्या, दोन्ही सर्व्हिसच्या कार्डांवर ‘डिस्केलिंग केले’ (म्हणजे क्षाराचा थर काढला) एवढेच आहे. रॉडचा उल्लेख नाही.

त्याहून गंभीर म्हणजे, दुसऱ्या सर्व्हिसला डिस्केलिंगचे आम्ल थेट टाकीत ओतून २० मिनिटे ठेवले होते, रॉड आतच असताना. आम्लात क्षाराबरोबर मॅग्नेशियमही झपाट्याने विरघळते. रॉड आणि एलिमेंट एकाच फ्लँजवर बसवलेले आहेत. फ्लँज खाली उतरवून फक्त एलिमेंट बादलीत बुडवायचे, एवढेच करायचे होते.

म्हणून मागण्या :

जॉब कार्डावरचा ‘हार्ड वॉटर’ हा शेरा लेखी मागे घ्यावा. टाकी वॉरंटीत बदलून द्यावी आणि त्यासोबत नवा रॉड व नवे गॅस्केट बसवावे. नोव्हेंबर २०२४ च्या सर्व्हिसचे पैसे परत करावेत.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून तक्रार नोंदवली जाईल.

रॉडची तार, एलिमेंट आणि नळाच्या पाण्याची सीलबंद बाटली जपून ठेवली आहे. फेरतपासणीला येणाऱ्याने टीडीएसचे पेन नव्हे, हार्डनेसचे ड्रॉप टेस्ट किट आणावे.

कळावे.

आपला ग्राहक,
वाघोली, पुणे

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड, तिन्ही जॉब कार्डांच्या प्रती, पाण्याचा तपासणी अहवाल, फोटो.