यंत्र आहे, पण ते बांधणार कोण?

महोदय,

नैराश्यावरील उपचारासाठी डोक्यावर घालायच्या यंत्राविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. आशा रास्त आहे, पण चाचण्यांची एकच बाजू त्यात आली. कपाळावरून दोन मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह सोडणाऱ्या या पद्धतीचा गुण २०२४ साली ‘नेचर मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, १७४ जणांच्या घरगुती चाचणीत दिसला. मात्र २०२३ च्या ‘लॅन्सेट’मधील जर्मन चाचणीत, औषधे चालू असलेल्या रुग्णांत खऱ्या आणि नकली उपचारात फरक आढळला नाही.

माझ्या आत्याला नैराश्य आले तेव्हा वेणीफणीसुद्धा जड जाई. आम्ही तिला आळशी म्हणालो, याचे आजही वाईट वाटते. अशा माणसाने सुरुवातीला आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास हा पट्टा स्वतः कसा बांधायचा, तेही सतत माणसांची वर्दळ असलेल्या आमच्या इंदूरच्या घरांत? दोन दिवस यंत्र वापरले नाही तर दवाखान्यातून विचारपूस करणारा फोन यावा, ही सोय यंत्र घडवतानाच हवी.

‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांकही लेखासोबत छापायला हवा होता.

– एक वाचक, इंदूर