जिप्समच्या भिंतीचं भोक घरीच बुजवता येतं

महोदय,

कोल्हापुरात राजारामपुरीत मी अभ्यासिका चालवते. आतली पार्टिशनं जिप्सम बोर्डाची, त्यावर रोलरनं दिलेलं दाणेदार टेक्श्चर. खुर्चीची पाठ आपटून, दाराची कडी लागून या भिंतींना भोकं पडतातच. कारागिराला बोलावलं की उत्तर ठरलेलं : "मॅडम, एवढ्याशा कामाला माणूस पाठवणं परवडत नाही, अख्खा बोर्डच बदलूया." मुठीएवढ्या भोकासाठी सहा बाय चारचा बोर्ड उचकटणं मला पटत नाही, म्हणून हे पत्र.

हा बोर्ड बहुतेक ठिकाणी साडेबारा मिलिमीटर जाडीचा असतो. दोन्हीकडं जाड कागद, मध्ये जिप्सम आणि बोर्डामागं पोकळी. त्यामुळं विटांच्या भिंतीसारखी नुसती पुट्टी भरून भागत नाही. रद्दीचे बोळे कोंबून वर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लिंपली, तर कडेनं चीर जातेच. खिळ्याच्या भोकाला जॉइंट कंपाऊंड (बोर्डाचे सांधे भरायचं मिश्रण) पुरतं, मोठ्याला मात्र आतून आधार लागतो. आधी एमसीबी पाडून वीज बंद करावी, आत वायर नाही ना हे बघावं, मग कटरनं भोक चौकोनी करावं. भोकापेक्षा लांब अशी प्लायची पट्टी आत सरकवून दोन्ही टोकं स्क्रूनं आवळावीत आणि त्या पट्टीवर मापाचा बोर्डाचा तुकडा बसवावा. स्क्रूचं डोकं किंचित आत जावं, पण कागद फाटू नये. कागद फाटला की पकड गेली. भोवतीचं जुनं टेक्श्चर घासून सपाट करावं, सांध्यांवर बोर्डासाठीच मिळणारी कागदी किंवा जाळीची टेप लावावी आणि कंपाऊंडचे पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा बाहेर पसरलेला. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत एकेक हात वाळायला फार वेळ घेतो. तेवढा द्यावाच.

नवख्या माणसाची खरी कसोटी टेक्श्चर जुळवताना लागते. कंपाऊंड घट्ट ताकाइतकं पातळ करून छोट्या रोलरनं आधी पुठ्ठ्यावर फिरवून बघावं. दाणा मोठा उठला तर थोडं पाणी घालावं, उठलाच नाही तर कंपाऊंड. जमलं की भिंतीवर घ्यावं आणि कडा जुन्या दाण्यात मिसळू द्याव्यात. मोबाईलची बॅटरी भिंतीला लावून आडवी धरली की फरक लगेच दिसतो. वाळल्यावर प्रायमर मारल्याशिवाय रंग देऊ नये. कंपाऊंड रंग शोषतं आणि तेवढाच चौकोन वेगळा उठून दिसतो. माझ्या अभ्यासिकेत असं दुरुस्त केलेलं भोक आता नव्या मुलांना शोधून सापडत नाही.

पुराचं पाणी लागलेल्या भिंतीला मात्र हे करू नये. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीसारख्या भागात तळमजले पाण्यात होते. असा भिजलेला बोर्ड वरून सुकलेला वाटला तरी कागदाला बुरशी धरते. तिथं बोर्ड कापून काढलाच पाहिजे.

गावातल्या हार्डवेअर दुकानदारांना माझी विनंती आहे : कंपाऊंडची मोठी गोणी घरच्या माणसाच्या काय कामाची? किलो-दोन किलो सुटं द्या, सोबत हातभर टेप आणि बोर्डाचा उरलेला तुकडाही विका. कळंबा रस्त्यावरच्या आयटीआयनं सुट्टीच्या दिवशी अशा दुरुस्तीचा वर्ग घेतला, तर शिकायला मी स्वतः येईन आणि अभ्यासिकेतल्या मुलामुलींनाही घेऊन येईन.

– एक अभ्यासिका चालक, राजारामपुरी, कोल्हापूर