एका पडद्याचे तीन धनी

महोदय,

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट बंद झाल्यापासून 'जुना संगणक भंगारात देऊ नका, लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) टाका' हा सल्ला आपल्या पानांवरही वाचला. तो मानून आमच्या भजनी मंडळाच्या जुन्या डेस्कटॉपवर मी लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. पश्चात्ताप नाही. पण एका गोष्टीने महिनाभर छळले.

देवळात आम्ही अभंगांची पीडीएफ मोठ्या अक्षरांत लावून म्हणतो. अभंग रंगला की एकच पान दहा-बारा मिनिटे हलत नाही आणि ऐन दहाव्या मिनिटाला पडदा काळा! पाठ असलेली दोन-तीन म्हातारी माणसे गात राहायची, बाकीचे टाळ कुटत माझ्याकडे बघायचे. माऊस हलवायला पखवाजवाल्या अण्णांचा नातू बसवला, तर तो दुसऱ्या अभंगाला पेंगायचा.

स्क्रीनसेव्हर बंद केला. फरक नाही. मॉनिटर झोपवण्याचा हिशेब पॉवर मॅनेजर वेगळा ठेवतो, हे मग कळले. तोही बंद केला. एकादशीला पुन्हा तेच. (पॉवर मॅनेजरच्या चिन्हावर 'प्रेझेंटेशन मोड' असतो म्हणे. आमच्या बिनबॅटरीच्या डेस्कटॉपवर ते चिन्हच दिसत नव्हते.) शेवटी पुण्याच्या भाच्याने फोनवरून टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'एक्ससेट क्यू' ही पडद्याच्या मुदती दाखवणारी आज्ञा लिहायला लावली, तेव्हा तिसरा धनी सापडला: या दोघांच्याही खाली बसलेला, पडद्यावर सगळे चित्र उमटवणारा एक्स सर्व्हर हा प्रोग्रॅम. पडदा काळा करण्याची त्याची स्वतःची मुदत, 600 सेकंद! 'एक्ससेट एस ऑफ' आणि 'एक्ससेट मायनस डीपीएमएस' (डीपीएमएस म्हणजे मॉनिटर झोपवून वीज वाचवण्याची सोय) या दोन आज्ञांनी काम झाले. पण संगणक बंद करून लावला की त्या पुसल्या जातात, म्हणून लॉगिनबरोबर आपोआप चालतील अशा ठेवाव्या लागल्या.

व्हिडिओ लावला की ही अडचण सहसा येत नाही, कारण 'पडदा झोपवू नका' असा निरोप व्हिडिओचा प्रोग्रॅमच देतो. साध्या खिडकीतल्या पीडीएफची बाजू घेणारे कोणी नाही.

स्क्रीनसेव्हर हा जुन्या डबा मॉनिटरच्या काळातला. एकच चित्र फार वेळ राहिले तर काचेवर त्याचा कायमचा ठसा उमटे. वीज वाचवणारे डीपीएमएस 1993 चे. आजच्या बहुतेक चपट्या पडद्यांना स्क्रीनसेव्हरची गरज उरलेली नाही, तरी दोघांची घड्याळे अजून वेगवेगळी चालतात आणि एकाला दुसऱ्याची खबर नसते. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल कुरकुर करू नये, हे मान्य. तरी 'पडदा किती वेळ जागा ठेवू?' हा प्रश्न माणसाला एकाच ठिकाणी विचारावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

लिनक्सवरचा पुढचा लेख छापाल तेव्हा त्यात या तीन जागांसाठी एक चौकट ठेवावी, ही विनंती. गावोगावच्या मंडळांत पुण्याचा भाचा असतोच असे नाही.

– एक निवृत्त शिक्षक, वाई (जि. सातारा)