नुसता सोर्स कोड घेऊन भागत नाही

महोदय,

केंद्राच्या २०१५ च्या धोरणानुसार केंद्र सरकारी संस्थांच्या सॉफ्टवेअर-निविदेत ओपन सोर्सचा (ज्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, सर्वांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरचा) विचार करण्याची अट घालावी लागते. पुरवठादाराने ते वगळल्यास कारण द्यावे लागते. इंदूर महापालिकेने पुढच्या निविदांत आणखी एक अट घालावी: सॉफ्टवेअर पालिकेला स्वतः उभे करता आले पाहिजे. कंत्राटदाराकडून कोडची झिप फाइल हातात आली म्हणजे काम झाले, असे नव्हे. बिल्ड स्क्रिप्ट (कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर तयार करण्याच्या सूचना), लायब्ररींच्या (वापरलेल्या तयार कोडसंचांच्या) नेमक्या आवृत्त्या आणि डेटाबेसची रचना नसेल, तर तो कोड सहसा चालतच नाही. मग दुरुस्तीला पुन्हा तोच कंत्राटदार, त्याच्याच दराने! म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी पालिकेच्याच कर्मचाऱ्याने कोऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर उभे करून पाहावे. कोड खुला करण्यापूर्वी त्यात लिहिलेले पासवर्ड मात्र बदलावेत. नुसते पुसले तरी गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या प्रणालीच्या) जुन्या नोंदींत ते राहतात.

– एक वाचक, इंदूर